गिऱ्हाइकाचं भांडं, दुकानदाराचं माप



दिवेलागणीला म्हसवडच्या एखाद्या किराणा दुकानासमोर घटकाभर उभे राहा. हातात बाटली किंवा किटली घेतलेलं एखादं पोर येतं, "वीस रुपयांचं गोडंतेल द्या" म्हणतं आणि दुकानदार पिंपातून तेल काढून त्याच्या बाटलीत ओततो. या व्यवहाराला मिनिटभरही लागत नाही. परंतु त्या मिनिटात तीन भांडी एकत्र येतात. पहिलं दुकानदाराचं पिंप, दुसरं त्याचं माप आणि तिसरं आपलं भांडं. या तिन्हींविषयी कायदा काय म्हणतो आणि आपण काय पाहावं, एवढंच आज आपणांस सांगायचं आहे.

आधी मापाचं पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असा हिशेब असे. हिशेब चोख होता, पण एका गावची पायली दुसऱ्या गावी भरत नसे. हा घोळ मिटावा म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. त्यानुसार व्यापारात वापरायचं प्रत्येक माप सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावं लागतं. त्यावर शिक्का उठवतात आणि तपासणीचा दाखला दुकानात दिसेल असा लावावा लागतो. वजनं आणि द्रवाची मापं दोन वर्षांतून एकदा, तर विजेचे काटे दरवर्षी तपासावे लागतात.

तेव्हा दुकानात गेल्यावर मापाकडे नीट पाहा. त्यावर शिक्का आहे का? तळाला पोचा पडला आहे का? पोचा पडलेलं माप तेवढं कमीच भरणार. माप काठोकाठ भरलं का, आणि ओतल्यावर पुरतं निथळू दिलं का, तेही पाहा. विचारायला संकोच कसला? पेट्रोलपंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं आणि मागणी केल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. तिथं विचारता येतं, तर किराणा दुकानातही विचारायला हरकत नाही.

आता एक गंमतीचा हिशेब सांगतो. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून दाखवावा. लिटरच्या मापानं पाणी घ्या आणि तोला. काटा एक किलो दाखवील. दूध तोला, ते तीसएक ग्रॅमनं जास्त भरेल. मग तेल तोला, ते नऊशे दहा ग्रॅमच्या आसपासच भरेल. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. याचा अर्थ असा, की भाव किलोचा सांगितला आणि माप लिटरचं घातलं, तर किलोमागे नव्वद ग्रॅम तेल दुकानातच राहिलं. महिन्याला तीन किलो तेल लागणाऱ्या घराचं वर्षाकाठी सव्वातीन किलोच्या आसपास तेल असं जातं. डब्याचंही तसंच आहे. पंधरा किलोचा डबा वेगळा आणि पंधरा लिटरचा वेगळा. दोहोंत जवळजवळ एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा फरक पडतो.

बंद पिशवीतसुद्धा डोळे उघडे ठेवावे लागतात, बरं का. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंश उष्णतेला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, पण ६० अंशाला ८९३ ग्रॅमच. काही कंपन्या पिशवीवर चढं तापमान छापून लिटर पुरा करीत. म्हणून केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ साली सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढून टाका आणि लिटरसोबत ग्रॅममधलं वजनही बरोबर छापा. तेव्हा पिशवी घेताना लिटरबरोबर ग्रॅमही वाचत जा.

मापाच्या खोटेपणानं पैसे जातात. पिंपातल्या खोटेपणानं मात्र जीव जातो. आपल्या पडीक रानात, बांधाच्या कडेला पिवळा धोतरा उगवतो, तो सर्वांनी पाहिला असेल. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं, पण त्याचं तेल विषारी असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हे तेल मिसळलेलं निघालं. लोकांचे पाय सुजले, धाप लागू लागली, हृदयावर परिणाम झाला, आणि साठाहून अधिक माणसं दगावली. विष कोणत्या घाण्यातून आलं हे सुट्या तेलावरून कसं कळणार? त्यावर ना नाव, ना तारीख. त्याच साली केंद्र सरकारनं खाद्यतेल बंद वेष्टनातच विकावं असा हुकूम काढला. पुढं अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनीही सुटं खाद्यतेल विकण्यास मनाई केली. लोकहितासाठी राज्य सरकार लेखी आदेशानं एखाद्या तेलास सूट देऊ शकतं, एवढीच मोकळीक आहे. याखेरीज, एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा खाद्यतेल भरायला वापरू नये, असाही नियम आहे.

आता तिसरं भांडं, म्हणजे आपलं स्वतःचं. शिक्षक मित्रहो, हे खास आपल्यासाठी सांगतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात एका गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन तेवीस मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे पिकावर फवारायचं औषध आढळलं. आपल्याकडे कीटकनाशकाचा प्लॅस्टिकचा डबा रिकामा झाला की तो धुऊन ठेवायची सवय आहे. टाकवत नाही, डबा मजबूत असतो! पण ते औषध प्लॅस्टिकमध्ये मुरतं. सात पाण्यांनी धुतलं तरी त्याचा भरवसा नाही. असा डबा भोक पाडून निकामीच करावा. त्यात तेल, दूध किंवा पिण्याचं पाणी कधीही भरू नये. रॉकेलच्या कॅनचंही तसंच समजा. शाळेच्या स्वयंपाकघरात तेल कशात ठेवलं आहे, हे उद्या सकाळीच एकदा डोळ्यांनी पाहून या.

इथं कोणी म्हणेल, "कायदा बरोबर आहे हो, पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं काय करावं? तिच्या हाती संध्याकाळी पैसे येतात, त्यातून मीठ, मिरची, पीठ आणि तेल आणायचं असतं. लिटरच्या पिशवीला एकदम पैसे कुठून आणावेत?" हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. सुटं तेल खेड्यात टिकलं आहे ते दुकानदाराच्या लबाडीमुळं नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या गरजेमुळं. नियम कागदावर राहतो आणि धोका गरिबाच्या वाट्याला येतो, तो असा.

यावर दोन मार्ग दिसतात. एक, दुकानदारांनी छोट्या बंद पिशव्या ठेवाव्यात. लिटरच्या हिशेबानं त्या थोड्या महाग पडतात हे खरं, पण तेल कोणाचं आणि कधीचं हे तरी कळतं. दुसरा मार्ग बचतगटाचा. याच म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. थोडं थोडं साठवून मोठं काम होतं, हे इथल्या बायांना नव्यानं शिकवायला नको. पाच-सहा घरांनी मिळून एक बंद डबा आणावा, सर्वांसमक्ष फोडावा, स्टीलच्या कोरड्या, स्वच्छ भांड्यांत तोलून वाटून घ्यावा. भाव ठोकचा पडेल आणि तेलाची खात्रीही राहील. घाण्याचं तेल आवडत असेल तर तेही घ्या, मात्र घाणेवाल्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे का ते विचारा. तिचा क्रमांक चौदा अंकी असतो.

आपलं भांडं नेऊन माल भरून आणणं ही रीत मुळात वाईट नाही. तिच्यामुळं कचरा कमी होतो आणि पैसाही वाचतो. दिल्लीत मदर डेअरीनं १९७४ नंतर यंत्रातून सुटं दूध विकलं. टोकन टाकावं आणि भांडं खाली धरावं, की दूध मोजून पडे. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून येई. रिकामी बाटली परत द्यायची आणि भरलेली घ्यायची, धुण्याची जबाबदारी डेअरीची. इटलीत आणि फ्रान्समध्ये लोक आपापले बुधले घेऊन द्राक्षाच्या वाइनच्या कारखान्यात जातात आणि भरून आणतात. अमेरिकेचा केंद्रीय नियम तर असा आहे, की गिऱ्हाइकाच्या भांड्यात वाइन भरणं म्हणजे बाटली भरण्यासारखंच. भरणाऱ्याला परवाना हवा आणि भरलेल्या भांड्यावर लेबल हवं. आपल्याकडेही सांगली जिल्ह्यात पलूसला आणि नाशिककडे विंचूरला वाइन उद्योगासाठी वसाहती काढल्या गेल्या. किराणा बाजारात वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. वाइन प्यावी की न प्यावी, तो आजचा विषय नाही. पण त्या निर्णयातसुद्धा कुलूपबंद कपाटातल्या सीलबंद बाटल्यांचीच गोष्ट होती.

या सगळ्यांतून एकच सूत्र निघतं. भांडं कोणाचंही असो, ते भरणाऱ्याचं नाव, माप आणि जबाबदारी ठरलेली असली पाहिजे. जिथं ती ठरली तिथं सुटा मालही सुरक्षित राहतो. जिथं ती ठरली नाही, तिथं चकचकीत बाटलीचाही उपयोग नाही.

माप खोटं वाटलं तर वैधमापन निरीक्षकाकडे जा. माल भेसळीचा वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. कुठं जावं हेच समजेना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करा. पावती मात्र जपून ठेवा. आणि उद्या पोराच्या हाती बाटली देताना ती आधी कशाची होती, एवढं आठवून पाहा.