एका लाकडी वाडग्याची मजुरी



कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी बोलणार आहे एका अमेरिकन कारागिराने कोरलेल्या लाकडी वाडग्यावर. विषय चळवळीबाहेरचा वाटेल. थोडे ऐकून घ्या.

एमिल मिलान 1922 मध्ये न्यू जर्सीत जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिक होता. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा कायदा अमेरिकेत 1944 साली झाला. त्याच्या आधारे मिलान न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिल्पकला शिकला. हे मी मुद्दाम सांगतो. प्रतिभा ईश्वरदत्त असेल, पण फी आणि खाणावळीचे बिल ईश्वर भरत नाही. पुढे वाडगे, ताटे, चमचे यांवर त्याचा हात बसला. पेनसिल्व्हेनियातल्या थॉम्प्सन या लहानशा गावी त्याने कार्यशाळा थाटली. 1985 मध्ये तो वारला.

आता असा वाडगा होतो कसा? लाकूड वाळताना चहूकडून सारखे आकसत नाही. वर्षावर्षाच्या वलयांच्या अंगाने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून ओल्या लाकडाचा वाडगा वाकडा होतो, पुष्कळदा तडकतो. आतला खोलगा कोरताना हत्यार काठाकडून तळाकडे उतरावे लागते. उलट नेले की तंतू उखडतात. तळाशी दोन्ही बाजूंचे काप समोरासमोर येतात आणि तिथेच खरी परीक्षा असते. भिंत किती पातळ करायची, हे सांगायला मुकादम नसतो. एक काप जास्त पडला की सारी मेहनत सरपणात.

'हातकाम' हा शब्द ऐकला की काही मंडळींचे डोळे पाणावतात आणि यंत्राला शिव्याशाप सुरू होतात. मिलानकडे बँडसॉ होती, म्हणजे चाकांवर फिरणारी पट्ट्याची करवत, आणि तिच्यावर तो वाडग्याचा बाह्याकार खुशाल कापून घेई. मग कारखान्यातल्या वाडग्यात आणि याच्यात फरक कोणता? फळी निवडणे, आकार धरणे, कुठे थांबायचे ते ठरवणे, हे सारे एका माणसाकडे होते, आणि तळाशी नाव कोरण्याचा हक्कही त्याचाच. फर्निचरच्या कारखान्यात आमचा सभासद दिवसभर एकाच मापाचे पाय कापतो. खुर्ची कशी झाली, हे त्याला दुकानाच्या काचेतून कळते.

आपल्याकडेही एकाच लाकडातून कोरलेली काथवट घरोघर असे. भाकरीचे पीठ तिच्यात मळत. तिच्या तळाशी कोणाचे नाव नसे. सुताराला बलुत्याचे धान्य मिळे, आणि त्याचे कसब जातीच्या खात्यावर जमा होई. तेव्हा जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंगतीला मला बसवू नका.

कोणी म्हणेल, सर्वांनीच मिलानसारखे स्वतंत्र व्हावे. मला ते पटत नाही. स्वतंत्र कारागिराला भरपगारी रजा नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. लाकडाच्या बारीक धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे आज सिद्ध झाले आहे. पण नुकसानभरपाई मागायला त्याला मालकच नाही. मिलानच्या वाडग्यांना आता संग्राहक चांगले पैसे मोजतात. त्यातला एक सेंटही त्याच्या हाती पडायचा नाही.

मला हवा आहे तो त्याच्या अधिकाराचा वाटा, आणि तोही पगारी माणसासाठी. आमच्या मागणीपत्रकात दर असतात, तास असतात. कामाची रीत कोणी ठरवायची, हे कलम नसते. यंदा लाकूडकामाच्या एका कारखान्यात आम्ही ते घातले आहे: नवी रीत लावण्यापूर्वी करवतीवर उभ्या असलेल्या माणसाचे मत लेखी घ्यावे. पहिल्या बैठकीत व्यवस्थापनाने हसून पान उलटले. दुसरी बैठक जूनमध्ये आहे.