मुलांच्या हातचे कापसाचे वस्त्र

सुधागड तालुक्यातील पाली हे बल्लाळेश्वराचे स्थान. बालभक्त बल्लाळाच्या नावाने ओळखले जाण्याचे भाग्य अष्टविनायकांपैकी याच एका गणपतीला लाभले आहे, म्हणून त्याच्या पूजेतील कापसाचे वस्त्र बालकांच्या हातून घडावे, हे मला विशेष उचित वाटते. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस हलकेच ओढून त्याची बोटभर रुंद पट्टी करावी, अंगठा व तर्जनी दुधात किंचित भिजवून ठरावीक अंतरावर पीळ द्यावा, म्हणजे मधला कापूस मण्यासारखा फुगून राहतो; मग पिळांवर कुंकवाचे बोट टेकवावे. ओढ जास्त झाली की पट्टी तुटते, ही बाब चार-पाच वर्षांच्या मुलास न सांगताच उमगते.

हाताच्या कामातून मुलांनी शिकावे, हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची शिफारस केली आणि पुढे बुनियादी शाळांतून सूत कातण्याची टकळी फिरू लागली. परंतु टकळीवर हात बसण्यास अवधी लागतो, पूजेचे वस्त्र मात्र पहिल्याच दिवशी साधते.

थोड्या मोठ्या मुलास मात्र बोथट टोकाची मोठी सुई, जाड दोरा आणि आजीच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे देऊन गोधडीचा धावदोरा शिकवावा. टाके वाकडे पडले तरी मोठ्यांनी ते उसवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.