रस्त्याची धूळ आणि आपलं वाळवण

उन्हाळा लागला की आपल्या बचत गटांची वाळवणं सुरू होतात. कुरडया, पापड, सरगुंडे, मिरच्या. मागच्या वर्षी आमच्या गटानं मिरच्या हायवेच्या कडेला वाळत घातल्या. जागा सपाट, ऊन भरपूर. दुसऱ्या दिवशी मिरच्यांवर काळपट थर बसला. एक काकू म्हणाल्या, "धूळ तं धूळच असते वो ताई, झटकली का झालं." आम्ही झटकली, तिखट कुटलं आणि विकलं. आज ते सांगताना संकोच वाटतो.

कारण रस्त्याची धूळ म्हणजे नुसती माती नाही. टायर झिजतात, त्यातून जस्त पडतं. ब्रेक झिजतात, त्यातून तांबं. जुन्या रंगांच्या खपल्यांतून शिसं. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं, पण त्याआधी कडेच्या मातीत पडलेलं शिसं कुजत नाही, विरत नाही.

आपला अमरावती-अकोला रस्ता आठवा. जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, विश्वविक्रम झाला. रस्ता चांगला झाला, बाळंतीण दवाखान्यात लवकर पोचते. रस्ता हवाच. पण जिथे गाड्या धावतात, तिथे ही धूळ रोज साचते.

मग मृगाचा पहिला जोराचा पाऊस येतो आणि महिनोन्‌महिन्यांची धूळ एकदम नाल्यात नेतो. नाला पेढीला मिळो की मोर्णेला, पाणी शेवटी पूर्णेत जातं. धातू मात्र बरेचसे वाटेतल्या गाळातच बसतात. त्याच नाल्यावर आपली गुरं पाणी पितात, काठावर आपण पालक लावतो.

पाणी उकळलं की जंतू मरतात, शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. सगळ्यात जास्त धोका लहान लेकरांना आणि गरोदर बाईला. शिशानं लेकराच्या मेंदूची वाढ अडते. अंगात लोह कमी असलं तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

मग करायचं काय? वाळवण रस्त्यापासून दूर घाला, वरून पातळ लुगडं झाका. रस्त्यालगत घर असेल तर कोरडा झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा. जेवणाआधी लेकरांचे हात साबणानं धुवा. पत्र्यावरचं पहिल्या पावसाचं पाणी भरू नका, वाहू द्या. रस्त्याच्या नालीतला गाळ परसबागेत टाकू नका. रस्ता आणि विहीर यांच्यामध्ये गवताचा पट्टा राहू द्या, तो धूळ अडवतो.

आणखी एक. गावोगावी पाच जणींना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवलं आहे. त्या पेटीत शिसं कळत नाही. रस्त्यालगतच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत पाठवा, असं ग्रामसभेत उभ्या राहून मागा. एकटीनं नाही, सगळ्या गटानं मिळून.

यंदा आम्ही गावातल्या एका घराच्या स्लॅबवर मिरच्या घालतो. पायऱ्या चढून गुडघे दुखतात, कुरकुरही होते. पण तिखटाची पुडी देताना आता नजर खाली जात नाही.