दारावरची थाप आणि राउटरची नोंदवही



मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहणाऱ्यास त्या किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या जलदुर्गाची उभारणी सुरू केली, आणि प्रवेशद्वार तटाच्या वळणाआड असे बांधविले की, होडी अगदी जवळ गेल्याखेरीज ते दृष्टीस पडू नये. दार कोठे असावे आणि कोणासाठी उघडावे, हा प्रश्न आज या किनाऱ्यावरील घरांपुढे निराळ्या स्वरूपात उभा आहे.

शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, तारकर्ली-देवबागकडील पर्यटकांची निवासघरे, सर्वत्र इंटरनेट आले आहे. भिंतीवरची राउटर नावाची छोटी पेटी हे त्याचे प्रवेशद्वार होय. ही पेटी आपल्या कामाची नोंदवही, म्हणजे ‘लॉग’, ठेवते. एखादे दिवशी घरमालक ती उघडून पाहतो, तो ‘ब्लॉक्ड’ किंवा ‘ड्रॉप’ अशा शेकडो ओळी! कोणी आपल्याच घरावर टपून बसले आहे, या शंकेने तो अस्वस्थ होतो.

अशा ओळीत सामान्यतः चार गोष्टी असतात : वेळ, थाप कोणत्या पत्त्यावरून आली, कोणत्या दारावर आली, आणि राउटरने काय केले. या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात. त्यांचे क्रमांक ० ते ६५,५३५ असे असतात. ‘ब्लॉक्ड’ याचा अर्थ इतकाच की, थाप आली आणि दार उघडले गेले नाही. रखवालदाराने आपले काम केल्याची ती पावती आहे.

मग थापा इतक्या का येतात? इंटरनेटच्या जुन्या पत्ता-पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. एकच संगणक त्यांतील सर्व सार्वजनिक पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत एकेक थाप देऊ शकतो, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. थाप देणाऱ्यास घर कोणाचे हे ठाऊकही नसते. त्यांत संशोधक असतात, चोर असतात, आणि रोगाची लागण झालेली इतरांची उपकरणेही असतात. यास्तव नोंदीतील पत्ता पाहून कोणावर आरोप करणे योग्य नव्हे. तो पत्ता दुसऱ्या एखाद्या अनभिज्ञ गृहस्थाचा असू शकतो.

तथापि, निष्काळजीपणाही तितकाच घातक आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी कुलूप फोडावे लागले नाही. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता. त्याच उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला चढविला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या अनेक ग्राहकांचे मोडेम घातक प्रणालीमुळे निकामी झाले. तेथेही न बदललेला पासवर्ड हेच कारण होते.

यातील बोध ध्यानात घेणे अगत्याचे आहे. किल्ली कुलपालाच लटकत असेल तर आत शिरणाऱ्याची नोंद ‘ब्लॉक्ड’ या सदरात कधीच सापडणार नाही. म्हणून अडविलेल्या ओळी मोजण्यापेक्षा वेगळ्या ओळी शोधाव्यात. अवेळी कोणी राउटरमध्ये यशस्वी प्रवेश केला आहे काय? घरातील कॅमेरा मध्यरात्री अनोळखी पत्त्यांवर स्वतःच थापा देत आहे काय? कोणी न बदलता रचना बदलली आहे काय? खरी चिंता येथे आहे. पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात; तेथे नोंदवही जवळजवळ कोरी राहील, परंतु त्यावरून घर सुरक्षित ठरत नाही.

कोकणातील पावसाळ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगणे जरूर आहे. वीज जाऊन आली की पुष्कळ राउटरांचे घड्याळ काही काळ १ जानेवारी १९७० ही तारीख दाखविते. ते हल्ल्याचे चिन्ह नव्हे. तसेच, वीज जाताच अनेक राउटरांतील नोंदी पुसल्या जातात. संशय आल्यास पेटी बंद करण्यापूर्वी त्या पानाचे छायाचित्र घ्यावे.

उपाय साधे आहेत. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. त्याची प्रणाली अद्ययावत ठेवावी. बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद करावी. पाहुण्यांसाठी वायफायची वेगळी जोडणी द्यावी. उत्पादकाने सुधारणा देणे थांबविलेली पेटी बदलावी. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून उपकरणे तपासण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.

अज्ञानातून उपजलेल्या भीतीवरही काही जण पोट भरतात. “तुमच्या राउटरवर हल्ला झाला आहे” असे दूरध्वनीवर सांगून कोणी पैसे किंवा ओटीपी मागितल्यास संभाषण तेथेच थांबवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही नोंदवही एकदा उघडून, ओळ न् ओळ समजावून द्यावी. थापेचा अर्थ कळलेला गाव थापेला भिणार नाही, आणि रात्री दाराला कडी घालावयासही विसरणार नाही.