तेरावी आणि सतरावी



चेन्नईत दारूचं दुकान शोधावं लागत नाही. २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी टास्मॅककडेच आहे. काही जण त्या दुकानापुढून सहज निघून जातात, काहींचे पाय तिथंच अडतात. का?

१९९८ मध्ये फेलिट्टी आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला अभ्यास आला. साडेनऊ हजार प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. प्रश्न मात्र घरापुरते होते. वर्गात वेगळं बसवणं, आडनावावर हसणं, स्कॉलरशिपची यादी मुद्दाम मोठ्यानं वाचणं त्यात नव्हतं. आपलं बालपण त्या प्रश्नावलीत अर्धंच मावतं.

आपल्यातला पहिला पदवीधर प्यायला लागला की घर म्हणतं, 'बाबासाहेबांचं नाव घालवलंस.' तो आधीपासून स्वतःला तेच म्हणत असतो. ते ऐकू येऊ नये म्हणून पुन्हा पितो. क्रिस्टिन नेफ यांची आत्मकरुणा म्हणजे सबब नव्हे. चूक ती चूकच. पण जवळच्या मित्राशी बोलू तसं स्वतःशी बोलायचं.

१९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची सतरावी. आपण तिचा चाबूक केला. प्राणिमात्रांवरच्या दयेची तेरावी, म्हणजे तिच्या आधीची. आणि प्राणिमात्रांत आपण स्वतःही आलोच की!

इथं इंदिरानगरात टीटीके हॉस्पिटल आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण. दोन्हीकडे घरच्यांशीही बोलतात. मित्राला पाठवताना सोबत जा.