ज्योतीतले पाणी



बीडसारख्या तहानलेल्या जिल्ह्यात उभे राहून आगीतून पाणी निघते असे मी सांगू लागलो, तर आपण मला वेड्यात काढाल. पण उद्या सकाळी एवढे करून पाहा. थंड पाण्याने भरलेले पातेले बाहेरून पुसून कोरडे करा आणि पेटत्या गॅसवर ठेवा. क्षणभर त्याच्या अंगावर दव साचेल. पातेले गळके नाही. ते पाणी ज्योतीत जन्मलेले आहे.

टाकीतला वायू म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन. दोन्ही कर्ब आणि हायड्रोजन यांची संयुगे. रॉकेल, पेट्रोल हीही त्याच कुळातली. जळताना हवेतला प्राणवायू या जोडीची फारकत करतो. कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी. घरगुती टाकीत १४.२ किलो वायू असतो. तो पुरता जळायला सुमारे ५१ किलो प्राणवायू लागतो, आणि निघतो सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाण्याची वाफ. चांगला दीड हंडा! २०१५ साली पाण्याअभावी परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते. तसली तहान या वाफेने भागायची नाही, हे कबूल.

पण खरी मेख त्या ५१ किलोंत आहे. हवेत प्राणवायू वजनाने पाचव्या हिश्श्याहून थोडाच जास्त. म्हणजे एका टाकीमागे सव्वादोनशे किलोंच्या आसपास हवा हवी. टाकीचे पैसे आपण मोजतो. हवा फुकटची, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

हवा तोकडी पडली की कर्ब अर्धाकच्चा राहतो. काही काजळी होऊन कंदिलाची काच काळी करतो. ती निदान दिसते तरी. काहीचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मग पाय उचलत नाहीत, आणि दाराची कडी हाताशी असून ती काढवत नाही. गळत्या गॅसचा वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. ज्योतीत तो वासही जळून जातो. तेव्हा नाकावर भिस्त ठेवून चालायचे नाही.

गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आणि गेल्या थंडीत स्वयंपाकघराच्या झरोक्यात कोणी बोळा कोंबला असेल, तर घरी गेल्यावर आधी तो काढा.