दगडावरची नावं

(पोलीस स्मृतिदिनी, २१ ऑक्टोबरला, सोसायटीच्या आवारात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



रौप्यमहोत्सवानिमित्त गेटजवळ 'शहीद पोलिसांना अभिवादन' असा ग्रॅनाइटचा फलक लावायचा, असं कमिटीच्या मनात आहे. मला त्यावर दोन शब्द बोलायला सांगितलंय. बँकेतल्या माणसाला दोन शब्दांत भागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी आजच्या तारखेचं सांगतो. २१ ऑक्टोबर १९५९. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जच्या भागात आपली एक गस्ती तुकडी आदल्या दिवशी परतली नव्हती. तिच्या शोधात करमसिंग नावाचे अधिकारी वीसेक जवान घेऊन निघाले. टेकडीवरून चिनी सैन्याने गोळीबार केला आणि आपले दहा जण गेले. त्यांचे मृतदेह मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. त्या काळी ती सरहद्द पोलीसच सांभाळत होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुढच्या वर्षापासून देशभर हा दिवस पाळला जाऊ लागला. आपल्याकडे पाषाणच्या पोलीस संशोधन केंद्रात मानवंदना होते आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. त्याचीही एक कथाच आहे. आधी तिथे पोलादाचं उंच स्मारक उभं राहत होतं, ते कोर्टाच्या आदेशानंतर पाडावं लागलं. मग काळ्या ग्रॅनाइटचा तीस फुटी, २३८ टनांचा स्तंभ आला आणि २०१८ साली याच तारखेला उद्घाटन झालं. पण मला त्या टनांचं फारसं कौतुक नाही. कौतुक आहे ते तिथल्या भिंतीचं. उद्घाटनाच्या वेळी तिच्यावर ३४,८४४ नावं होती. भिंत दरवर्षी वाढते.

नाव काय चीज आहे, ते मी काउंटरवर शिकलो. बँकांत १९८५ पासून नॉमिनेशनची सोय झाली, तरी कितीतरी खात्यांवर तो रकाना कोराच असायचा. शिपाई रात्री नाकाबंदीला उभा असतो, ट्रक येतो आणि उडवून जातो. पेपरात चार ओळी. पंधरा दिवसांनी त्याची बायको पासबुक घेऊन समोर बसते आणि आम्ही तिला वारसा दाखला मागतो! नियमच तसा. अशी एक बाई मला म्हणाली होती, "साहेब, पैशाचं होईल हळूहळू. पण त्यांचं नाव कुठं लिहिलंय का हो?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुकाराम ओंबळे यांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. आपल्या स्वारगेट स्टँडवरून साताऱ्याची गाडी धरायची, पुढे मेढ्याकडे वळायचं. जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेला माणूस. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी होती, आणि त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, खटला चालला आणि शेवटी २१ नोव्हेंबर २०१२ ला आपल्याच येरवड्यात फाशी झाली. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर पुतळा आहे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी एका नव्या कोळ्यालाही त्यांचं नाव दिलं, हे मला नातवाने सांगितलं.

पण ८ ऑक्टोबर २००९ ला गडचिरोलीत लाहेरीजवळ सतरा पोलीस गेले. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात पंधरा जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. त्यातलं एक तरी नाव सांगा. मी थांबतो.

(सभागृहात शांतता होती.)

रागावू नका, मलाही सगळी पाठ नाहीत. कोरोनात तर आपल्या राज्यातले शेकडो पोलीस गेले. आपण गॅलरीत थाळ्या वाजवत होतो, ते खाली चौकात उभे होते.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. नुसतं 'अभिवादन' लिहिलेला फलक मला नको. त्याच्यासमोर स्कूटर लागतील आणि दिवाळीत कंदील टांगला जाईल. दगड लावायचाच तर त्यावर नाव, गाव, तारीख असू द्या. सगळी मावणार नाहीत, हे मान्य. मग गडचिरोलीचे हे दोन दिवस घ्या, ते मावतील. लहान अक्षरांत का होईना, पण पुरती नावं. आणि कारंजं नको, त्याचं पाणी महिन्याभरात बंद पडतं. ट्रेझररसाहेब हसतायत, त्यांना कळलं.

आणखी एक. इथे जवळच पोलीस लाईन आहे. तिथली मुलं आपल्या मुलांबरोबर खेळतात, गणपतीत आरतीला येतात. पुढच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्या घरच्यांना बोलवा, भाषणं ठेवू नका, माझंसुद्धा नको. फक्त नावं वाचा. सकाळी आठला, म्हणजे ड्युटीवरून आलेल्यांना आणि जाणाऱ्यांना दोघांनाही जमेल. वाचायला खणखणीत आवाजाचा कोणी तरी हवा, माझा आता बसलाय.